नवख्या जोडीदारासोबत स्कूबा डायव्हिंग: इंदूरहून निघण्यापासून घरी परतेपर्यंतचा क्रम

इंदूरहून मालवण, गोवा, कर्नाटकातले नेत्राणी बेट किंवा अंदमानला डायव्हिंगसाठी जाणाऱ्या जोड्यांमध्ये एक चूक पुन्हा पुन्हा होते. दोघांपैकी एकाने गेल्या काही वर्षांत बऱ्याच डाइव्ह केलेल्या असतात, दुसऱ्याने नुकताच ओपन वॉटरचा, म्हणजे पहिल्या प्रमाणपत्राचा, कोर्स पुरा केलेला असतो, आणि सहलीचा सगळा बेत पहिल्याच्या हौसेने आखला जातो. दुसरा, मग तो धाकटा भाऊ असो, मेहुणा असो किंवा बायको असो, त्या बेतामागे ओढला जातो. हा लेख त्या अनुभवी जोडीदारासाठी आहे. त्याने धरायचा नियम एकच आहे: खोली, वेळ, हवा, प्रवाह आणि थंडी या प्रत्येक बाबतीत नवख्याची जी मर्यादा, तीच त्या डाइव्हपुरती दोघांची मर्यादा. पुढचे सर्व टप्पे याच नियमातून निघतात.

लेख वाचण्याआधी एक अट ध्यानात घ्यावी. येथे दोघांकडेही डायव्हिंगचे प्रमाणपत्र आहे असे धरले आहे. ज्याने कोर्स केलेला नाही त्याने प्रशिक्षकाच्या हाताखालीच पाण्यात उतरावे. तुमच्या कितीही डाइव्ह झालेल्या असोत, तुम्ही प्रशिक्षक नसाल तर अशा माणसाची जबाबदारी पाण्याखाली घेऊ नये.

१. निघण्याआधी: कोण किती पाण्यात आहे ते पाहणे

समुद्रकाठच्या माणसाला महिन्यातून दोनदा डाइव्ह करता येते. इंदूरच्या माणसाची वर्षातून एखादीच सहल होते. त्यामुळे येथे "अनुभवी" म्हणवणाऱ्याचे हातही गंजलेले असतात, आणि हे त्याने आधी स्वतःशी कबूल करावे. प्रवासाच्या तीन-चार आठवडे आधी दोघांनी आपापली लॉगबुके घेऊन एकत्र बसावे आणि एकमेकांना पुढील गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: शेवटची डाइव्ह कधी झाली, आजवर सर्वांत खोल कुठे गेलात, बोटीवरून उडी मारून उतरण्याची सवय आहे का, प्रवाहात किंवा गढूळ पाण्यात कधी पोहलात का, मास्कमध्ये पाणी शिरले तर काय होते, आणि पाण्याखाली कधी घाबरायला झाले होते का.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर घाईने मिळत नाही. नवख्याला लाज वाटते. म्हणून अनुभवी व्यक्तीने आधी आपल्याला कशाची धास्ती वाटते ते सांगावे, मग समोरचा मोकळा होतो.

शेवटच्या डाइव्हला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला असेल तर पोहोचल्यावर पहिल्या दिवशी प्रशिक्षकासोबत उजळणी करावी, आणि ती दोघांनीही करावी. नवख्यालाच उजळणीला पाठवून स्वतः नाश्ता करत बसल्यास दोघांची तयारी एका पातळीवर येत नाही.

डायव्हिंग केंद्रांवर भरून घेतला जाणारा वैद्यकीय प्रश्नांचा तक्ता इंदुरात असतानाच मिळवून वाचावा. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, मधुमेहाची औषधे, गर्भावस्था यांपैकी काही असल्यास डॉक्टरांची लेखी संमती लागते किंवा डाइव्ह टाळावी लागते. बोटीवर चढण्याच्या घाईत हा तक्ता हाती पडला की लोक सगळीकडे "नाही" असे भरून मोकळे होतात. हे अतिशय धोक्याचे आहे.

सोबत मूल असेल तर वयाची बंधने वेगळी आहेत. पॅडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या नियमांप्रमाणे १० आणि ११ वर्षांच्या प्रमाणपत्रधारक मुलांना १२ मीटरपर्यंतच, आणि तेही प्रशिक्षक दर्जाच्या व्यक्तीसोबत किंवा प्रमाणपत्रधारक पालकासोबत जाता येते.

तपासणी: दोघांच्या शेवटच्या डाइव्हची तारीख आणि गाठलेली सर्वाधिक खोली एका कागदावर शेजारी शेजारी लिहिली आहे का? नसेल तर पुढे जाऊ नये.

२. तरणतलावातला सराव

नेहरू पार्कच्या किंवा घराजवळच्या कोणत्याही तरणतलावात स्कूबाची सामग्री नेता येईलच असे नाही आणि तिची गरजही नाही. दोनशे मीटर न थांबता पोहणे, दहा मिनिटे उताणे किंवा उभे तरंगणे, आणि व्यवस्थापनाची परवानगी असल्यास मास्क, स्नॉर्केल व फिन्स लावून संथ पाय मारत पोहणे, एवढा सराव पुरेसा आहे. मास्कमध्ये पाणी भरून चेहरा पाण्यात ठेवून स्नॉर्केलने श्वास घेत राहण्याची सवय नवख्याने मुद्दाम लावून घ्यावी, कारण नाकाला पाणी लागताच श्वास रोखून डोके वर काढण्याची ऊर्मी पाण्याखाली फार घातक ठरते.

इशारा: तलावात भराभर खोल श्वास घेऊन मग पाण्याखाली जास्तीत जास्त वेळ राहण्याची स्पर्धा करू नये. अशा प्रयत्नात माणूस कोणतीही पूर्वसूचना न मिळता बेशुद्ध पडू शकतो आणि तो बुडतो.

चोरल धरणात, यशवंत सागरात किंवा महेश्वर-मंडलेश्वरला नर्मदेत "थोडा सराव करून घेऊ" असा विचार मनातही आणू नये. तेथे दिसत नाही, तळाशी जाळी आणि झुडपे असतात, मदतीची सोय नसते. शिवाय ज्या जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून ३०० मीटरहून उंच आहे तेथल्या डाइव्हला उंचीवरच्या डाइव्हचे वेगळे तक्ते लागतात.

३. जागा आणि खोली ठरवणे

ओपन वॉटर प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर आहे. पहिल्या डाइव्हला १८ मीटर गाठलेच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही. नवख्यासोबतची सहलीतली पहिली डाइव्ह १० ते १२ मीटरपर्यंत ठेवावी, ती कोणत्याही अडचणीविना पार पडली तरच दुसरी थोडी खोल न्यावी, आणि त्याने पूर्वी गाठलेल्या खोलीच्या पलीकडे एका दिवसात तीन-चार मीटरहून अधिक जाऊ नये, असे माझे मत आहे.

जागा निवडताना दृश्यता पाहावी. मालवण आणि गोव्याच्या पाण्यात कित्येकदा चार-पाच मीटरपलीकडचे दिसत नाही. अंदमानात त्याच्या कितीतरी पट लांबचे दिसते. अंदमानात शिकलेला नवखा मालवणच्या हिरवट पाण्यात उतरला की त्याला तळ दिसत नाही, जोडीदार धूसर दिसतो आणि तो गोंधळतो. हे त्याला आधी सांगितलेले असावे. किनाऱ्यावर पावसाळ्यात डायव्हिंग बंद असते. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असा आहे. हंगामाच्या अगदी सुरुवातीला किंवा शेवटी गेल्यास समुद्र खवळलेला मिळू शकतो.

नेत्राणी बेटाला मुरुडेश्वरहून बोटीने तासाहून अधिक वेळ लागतो. ज्याला बोट लागते त्याने गोळी घ्यावी, पण ती गोळी आधी एकदा घरी घेऊन पाहावी. काही गोळ्यांनी गुंगी येते, आणि गुंगीत डाइव्ह करणे उलटी होण्याहून वाईट आहे.

प्रवास करून पोहोचल्या दिवशी डाइव्ह ठेवू नये. रात्रभर गाडीत बसून आलेला माणूस थकलेला असतो, त्याच्या शरीरात पाणी कमी झालेले असते, आणि या दोन्ही गोष्टींनी धोका वाढतो. आदल्या रात्री मद्य टाळावे. सर्दी झाली असेल तर डाइव्ह रद्द करावी. नाक मोकळे करणारे औषध घेऊन उतरल्यास त्याचा परिणाम पाण्याखाली संपू शकतो, आणि मग वर येताना कानात अडकलेली हवा बाहेर पडत नाही.

४. हवेचा हिशेब

सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सुमारे ११ लिटरचे ॲल्युमिनियमचे सिलिंडर मिळतात आणि ते २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) भरलेले असतात. शांत श्वास घेणारा अनुभवी डायव्हर पृष्ठभागावर मिनिटाला साधारण १५ लिटर हवा वापरतो असे धरू, आणि नवखा २५ लिटर. १२ मीटरवर दाब पृष्ठभागाच्या २.२ पट असतो. म्हणजे अनुभवी डायव्हरला तेथे मिनिटाला ३३ लिटर लागतात आणि त्याच्या गेजवरचे (दाबमापकावरचे) ३ बार कमी होतात. नवख्याला ५५ लिटर लागतात आणि त्याचे ५ बार कमी होतात. दोघेही ७० बारला परत फिरणार असतील, तर अनुभवी डायव्हरला सुमारे ४३ मिनिटे मिळतात आणि नवख्याला २६. त्या जोडीची डाइव्ह २६ मिनिटांची आहे. हा आकडा दोघांनी बोटीवर चढण्याआधी मान्य केलेला असला पाहिजे, म्हणजे पाण्याखाली कोणाचा हिरमोड होत नाही आणि नवख्याला आपल्यामुळे दुसऱ्याची मजा गेली असे वाटत नाही.

आता ७० बारच का, ते पाहू. १८ मीटरवर एकाची हवा अचानक बंद झाली आणि दोघांना एकाच सिलिंडरवर वर यावे लागले असे समजा. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर तरी ओढतो, म्हणजे दोघांचे ६० लिटर. तळाशी सावरायला एक मिनिट लागले तर सुमारे १७० लिटर, मिनिटाला ९ मीटरच्या गतीने ५ मीटरपर्यंत यायला सुमारे १९० लिटर, तेथे नेहमीच्या सुरक्षेच्या थांब्यासाठी तीन मिनिटे थांबायला २७० लिटर आणि शेवटच्या पाच मीटरसाठी सुमारे ४० लिटर लागतात. बेरीज ६७० लिटर होते. ११ लिटरच्या सिलिंडरात ती सुमारे ६० बार भरते. गेजमधला थोडा फरक आणि पाण्याखालचा गोंधळ धरून ७० बार हा आकडा येतो. हाच हिशेब १२ मीटरसाठी केला तर सुमारे ५० बार निघतात. बोटीवर "५० बार घेऊन वर या" असे सरसकट सांगितले जाते. त्याचा अर्थ पृष्ठभागावर पोहोचताना ५० बार शिल्लक हवेत, तळ सोडताना नव्हे.

इशारा: नवख्याची हवा संपत आली की अनुभवी डायव्हरने आपला ऑक्टोपस (श्वास घेण्याचे जादा मुखयंत्र) त्याला देऊन डाइव्ह लांबवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. असे कधीही करू नये. तुमच्या सिलिंडरातली जास्तीची हवा ही दोघांची आणीबाणीची शिदोरी आहे, आणि ती मासे पाहण्यात खर्च झाली तर खऱ्या प्रसंगी काहीच उरत नाही.

गेजचे एककही पाहावे. काही केंद्रांवर बारचे गेज असते, काही ठिकाणी पीएसआयचे. ३००० पीएसआय म्हणजे सुमारे २०० बार आणि १००० पीएसआय म्हणजे सुमारे ७० बार. एकाच्या गेजवर बार आणि दुसऱ्याच्या गेजवर पीएसआय असेल तर एक गेज बदलून मागावे.

५. खुणा, आणि थांबवण्याचा अधिकार

खुणा दोघांना येतात असे गृहीत धरू नये. समोरासमोर उभे राहून प्रत्येक खूण करून दाखवावी. सर्वांत जास्त घोटाळा अंगठ्याचा होतो. जमिनीवर आपण अंगठा वर करून "छान" म्हणतो. पाण्याखाली वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ "डाइव्ह संपली, वर चला" एवढाच आहे. "ठीक आहे" हे अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ करून सांगायचे. मान हलवून हो-नाही सांगण्याची आपली सवयही येथे निरुपयोगी आहे, कारण मास्कमधून मानेची हालचाल कळत नाही. पंजा आडवा धरून डोलवला की "काहीतरी बिघडले आहे", आणि त्यानंतर बिघडलेल्या गोष्टीकडे बोट. मूठ छातीशी धरली की "हवा कमी आहे". हात गळ्यावरून फिरवला की "हवा संपली".

गेजवरचा आकडा बोटांनी कसा सांगायचा तेही ठरवावे. १२० बारला एक खूण आणि ७० बारला दुसरी, एवढे पुरते.

यापुढची गोष्ट आपल्या घरांत अवघड जाते, म्हणून तिच्यावर थांबतो. आपल्याकडे धाकट्याने मोठ्याला नाही म्हणायचे नाही हे लहानपणापासून अंगवळणी पडलेले असते. दादा म्हणाला म्हणून, काका एवढ्या प्रेमाने घेऊन आले म्हणून, किंवा सगळ्यांनी पैसे भरले आहेत म्हणून नवखा बोटीवर गप्प बसतो आणि मनात नको असतानाही उडी मारतो. अशा मनःस्थितीतला माणूस पाण्याखाली कोणत्याही लहानशा कारणाने बिथरतो. यावर उपाय मोठ्यानेच करायचा असतो. प्रवासातच, आणि पुन्हा बोटीवर, त्याने स्पष्ट सांगावे: "तुला कधीही, कारण न देता अंगठा वर करता येईल. मी प्रश्न विचारणार नाही, आणि वर आल्यावरही विचारणार नाही." आणि तसे खरोखर वागावे. बोटीवरून परत फिरलेल्या धाकट्याची घरी गेल्यावर कोणी थट्टा केली तर ती तेथेच थांबवावी, कारण त्या थट्टेमुळे तो पुढच्या वेळी गप्प बसेल.

तपासणी: नवख्याने स्वतःच्या तोंडाने सांगावे: आपण किती खोल जाणार, किती मिनिटे राहणार, किती बारला फिरणार, आणि चुकामूक झाली तर काय करणार. चारही उत्तरे बरोबर आली तरच सामग्री चढवावी.

६. बोटीवर एकमेकांची तपासणी

बोटीवरचे मदतनीस सिलिंडर पाठीवर चढवून देतात, व्हॉल्व्ह उघडून देतात, आणि त्यामुळे जोडीदारांनी एकमेकांना तपासण्याचा टप्पा हमखास गळतो. मदतनिसांनी काहीही केले असले तरी हा क्रम सोडू नये.

प्रथम बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगायला मदत करणारे जाकीट, पाहावे. फुगवण्याचे आणि हवा सोडण्याचे बटण दोन्ही चालते का, आणि मागची हवा सोडण्याची दोरी कुठे आहे, हे हात लावून पाहावे. मग वजने पाहावीत: पट्टा उजव्या हाताने एका झटक्यात सुटेल असा बांधलेला हवा, आणि त्याच्यावरून दुसरा कोणताही पट्टा गेलेला नसावा. तिसरी पाळी बकलांची. जोडीदाराच्या बीसीडीची बकले कशी सुटतात ते तुम्हाला डोळे मिटून सांगता आले पाहिजे.

चौथी पाळी हवेची, आणि ती सर्वांत काळजीपूर्वक करावी. गेजकडे पाहत रेग्युलेटरमधून (सिलिंडरची हवा तोंडात आणणाऱ्या यंत्रातून) चार-पाच खोल श्वास घ्यावेत. श्वासाबरोबर काटा खाली जाऊन पुन्हा वर येत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडलेला आहे. अशा व्हॉल्व्हमधून बोटीवर श्वास नीट घेता येतो, पण खोल गेल्यावर हवा पुरत नाही. ऑक्टोपसमधूनही दोन श्वास घ्यावेत, आणि जोडीदाराचा ऑक्टोपस त्याच्या अंगावर नेमका कुठे लावला आहे ते पाहून ठेवावे. शेवटी मास्क, फिन्स, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारे यंत्र) आणि लोंबणाऱ्या नळ्यांवर एक नजर.

वजनाबद्दल इंदूरकरांनी विशेष लक्ष द्यावे. गोड्या पाण्याच्या तलावात कोर्सचा सराव झाला असेल तर तेथले वजन समुद्रात कमी पडते, कारण समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्के अधिक जड असते. साधारण दोन किलो वाढवावे लागतात. पाण्यात उतरून रेग्युलेटर तोंडात ठेवून, बीसीडी पूर्ण रिकामे करून, नेहमीसारखा श्वास रोखून उभे राहावे. पाणी डोळ्यांच्या पातळीला आले आणि श्वास सोडल्यावर माणूस हळूहळू बुडू लागला तर वजन बरोबर आहे. ही तपासणी भरलेल्या सिलिंडरने केली असेल तर आणखी सुमारे दोन किलो घ्यावेत, कारण हवा संपत जाते तसा ॲल्युमिनियमचा सिलिंडर हलका होऊन वर ओढू लागतो. ही वाढ सोडली तर घाबरून जास्त वजन लावण्याची सवय नवख्याला लावू नये. जास्त वजनाचा माणूस सतत बीसीडी फुगवत राहतो आणि त्याच हवेने पुढे वर फेकला जातो.

७. उतरणे

पहिल्या दहा मीटरांत दाब दुप्पट होतो. म्हणून कानाचा त्रास बहुधा या पट्ट्यातच होतो आणि गडबडही येथेच होते. नांगराचा दोर धरून, पाय खाली ठेवून, समोरासमोर उतरावे. अनुभवी डायव्हरने नवख्याच्या डोळ्यांच्या पातळीवर राहावे, त्याच्या खाली जाऊन वाट पाहू नये. नाक दाबून कान मोकळे करण्याची क्रिया पाणी डोक्यावर येताच सुरू करावी आणि दर मीटरला, दुखण्याची वाट न पाहता, पुन्हा करावी. कान अडला तर एक मीटर वर जाऊन पुन्हा प्रयत्न करावा. जोर लावू नये. दोन-तीनदा करूनही कान मोकळा होत नसेल तर अंगठा वर.

तळाच्या थोडे वर थांबून दोघांनी एक मिनिट काहीही करू नये. श्वास स्थिर होऊ द्यावा, गेज पाहावे, "ठीक" ची देवाणघेवाण करावी. नवख्याचा बुडबुड्यांचा प्रवाह अखंड आणि वेगवान दिसत असेल तर तो अजून सावरलेला नाही, आणि त्याने "ठीक" अशी खूण केली असली तरी पुढे निघू नये.

८. तळाशी

कोण कोणत्या बाजूला पोहणार हे बोटीवर ठरलेले असावे आणि संपूर्ण डाइव्हमध्ये बदलू नये. अंतर हात लांबवला की स्पर्श होईल एवढे. गढूळ पाण्यात त्याहून कमी. गाइड पुढे असेल तर नवख्याने त्याच्या मागे आणि तुम्ही नवख्याच्या बाजूला राहावे. गाइड आहे म्हणून जोडीची जबाबदारी संपत नाही, कारण त्याच्या मागे चार-सहा जण असतात.

दर पाच मिनिटांनी गेज विचारावे. आधी स्वतःचे पाहावे, मग जोडीदाराला विचारावे. पहिल्या दोन-तीन उत्तरांवरून त्याचा वापर कळतो, आणि तो ठरवलेल्या हिशेबापेक्षा जास्त असेल तर उरलेली डाइव्ह चार मीटर वर घेऊन करावी.

नवख्यासोबत असताना कॅमेरा बोटीवर ठेवावा. कॅमेऱ्याच्या पडद्यात डोळे असलेल्या माणसाला एका मिनिटात काय काय निसटून गेले ते कळत नाही, आणि माझ्या मते जोड्या तुटण्याचे ते सर्वांत मोठे कारण आहे. कासव किंवा मोठा मासा दिसला तरी त्याच्यामागे खोल जाऊन जोडीदाराला हाताने बोलावू नये. तो येईल, आणि आपल्या मर्यादेपलीकडे येईल.

९. तीन प्रसंग आणि त्यांचा क्रम

*जोडीदार दिसेनासा झाला.* जागेवर थांबून सावकाश पूर्ण गिरकी घ्यावी, वर-खाली पाहावे, बुडबुडे शोधावेत. एक मिनिट एवढेच. न सापडल्यास नेहमीच्या संथ गतीने वर यावे आणि पृष्ठभागावर वाट पाहावी. दुसऱ्यानेही तेच करायचे असते, म्हणूनच आधी ठरवणे अत्यावश्यक आहे. एक जण वर थांबला आणि दुसरा तळाशी वीस मिनिटे शोधत राहिला, तर मदत मागायची की नाही हेच वरच्याला कळत नाही. ५ मीटरचा थांबा अशा वेळी घ्यायचा की नाही हेही बोटीवरच ठरवावे.

*जोडीदार घाबरला.* डोळे विस्फारलेले, सायकल चालवल्यासारखे पाय, मास्ककडे सारखा जाणारा हात आणि वेगवान श्वास ही लक्षणे. जवळ जाऊन त्याच्या बीसीडीचा पट्टा घट्ट धरावा, डोळ्यांत पाहावे, आणि हात संथपणे वर-खाली करत श्वास सोडण्याची खूण द्यावी. अर्ध्या मिनिटात फरक पडला नाही तर एकत्र वर निघावे. तो उसळून वर जाऊ लागला तर धरून त्याच्या बीसीडीतली हवा सोडावी. तरीही तो तुम्हाला वेगाने ओढत असेल तर हात सोडावा. दोघेही जखमी झाल्यास मदत करायला कोणी उरत नाही. पृष्ठभागावर घाबरलेल्या माणसाजवळ जाताना आधी स्वतःचे बीसीडी फुगवावे आणि मागून जावे. त्याचे बीसीडी फुगत नसेल तर वजनाचा पट्टा सोडून द्यावा.

*हवा संपली.* ऑक्टोपस पुढे करावा. त्याने तुमच्या तोंडातला रेग्युलेटर ओढला तर तो जाऊ द्यावा आणि स्वतः ऑक्टोपस घ्यावा. एकमेकांचे दंड धरावेत, दोन-तीन श्वास घेऊन स्थिर व्हावे, मग वर निघावे. ही क्रिया डाइव्हच्या आधी पृष्ठभागावर तरंगत असताना एकदा करून पाहावी. त्यासाठी दोन मिनिटे लागतात आणि बहुतेक जण ती देत नाहीत.

इशारा: कोणत्याही प्रसंगात वर येताना श्वास रोखू नये. फुप्फुसात अडकलेली हवा दाब कमी होताच फुगते आणि थोड्याशा उंचीतही फुप्फुसाला इजा करते.

१०. वर येणे

ठरलेल्या बारला किंवा ठरलेल्या मिनिटाला, जे आधी येईल तेव्हा, अंगठा. समोरासमोर राहून मिनिटाला ९ मीटरपेक्षा कमी गतीने यावे. नवख्याला शेवटचे पाच-सहा मीटर सर्वांत कठीण जातात, कारण बीसीडीतली हवा याच पट्ट्यात वेगाने फुगते. म्हणून थोडी थोडी हवा आधीपासून सोडत राहण्याची आठवण द्यावी. ५ मीटरवर तीन मिनिटे, शक्यतो दोर धरून. बोटींची वर्दळ असेल तर फुगवायचे सिग्नल बॉय (बोटींना दिसणारा तरंगता फुगा) अनुभवी डायव्हरने सोडावे. वर डोके काढताच दोघांनी आधी बीसीडी फुगवावे, मास्क आणि रेग्युलेटर बोटीची शिडी हाती येईपर्यंत काढू नयेत.

११. परतीचा प्रवास

समुद्रकाठच्या लोकांना पडत नाही असा एक प्रश्न आपल्याला पडतो: डाइव्हनंतर उंचावर कधी जायचे? इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, आणि कोकणातून येथे यायचे तर घाट चढावाच लागतो. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. डायव्हिंगनंतर विमानप्रवासासाठी सांगितलेली प्रतीक्षा, म्हणजे एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर किमान १८ तास, ही साधारण ६०० मीटरहून अधिक उंचीला लागू मानली जाते. म्हणून दुपारी डाइव्ह संपवून संध्याकाळीच गाडीने घाट चढणे हेही टाळावे. शेवटच्या डाइव्हनंतर पूर्ण २४ तास किनाऱ्यावर काढण्याचा बेत आखावा. तो दिवस हिंडण्यासाठी ठेवला की कोणाला तो वाया गेला असे वाटत नाही.

सांधेदुखी, हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा, अंगावर चट्टे, चक्कर, लघवीला त्रास किंवा विश्रांतीनेही न जाणारा थकवा ही विसंपीडन आजाराची (दाब कमी होताना शरीरात वायूचे बुडबुडे तयार झाल्याने होणाऱ्या आजाराची) लक्षणे असू शकतात. ती बहुधा पहिल्या २४ तासांत दिसतात. "सिलिंडर उचलल्याने खांदा दुखत असेल" असे म्हणून नवखा गप्प बसण्याची शक्यता असते. म्हणून संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वतः विचारावे. लक्षण दिसताच माणसाला आडवे झोपवावे, केंद्रावरचा शुद्ध ऑक्सिजन सुरू करावा, पुढची डाइव्ह आणि प्रवास दोन्ही रद्द करावेत आणि डॉक्टरांकडे न्यावे. उपचाराचा दाबकक्ष सर्वत्र नसतो. मुंबईत नौदलाच्या आयएनएचएस अश्विनी या रुग्णालयाच्या आवारात ही सोय आहे. डाइव्ह बुक करतानाच केंद्राला विचारावे की त्यांच्याकडे ऑक्सिजन आहे का आणि सर्वांत जवळचा दाबकक्ष कोठे आहे. उत्तर टाळले गेले तर दुसरे केंद्र पाहावे.

लक्षणे इंदूरला पोहोचल्यावर सुरू झाली तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे की गेल्या दोन दिवसांत स्कूबा डायव्हिंग केले आहे. समुद्रापासून इतक्या दूरच्या शहरात हा विचार त्यांच्या मनात आपोआप येईलच असे नाही. डाइव्ह कॉम्प्युटर भाड्याचा असेल तर परत करण्याआधी त्याच्या पडद्यावरच्या प्रत्येक डाइव्हच्या खोलीचा आणि वेळेचा फोटो काढून दोघांच्याही फोनमध्ये ठेवावा. डॉक्टर हीच माहिती मागतील.